पुसण्यापूर्वीं काय जपावें?

छापखान्यांत शिशाचे खिळे हातानें जुळवीत असत, त्या काळीं जुळाऱ्याला आगीच्या खालोखाल भय असे तें केस सांडण्याचें. देवनागरीला शेंकडों प्रकारचे खिळे लागत. त्यांतला प्रत्येक आपापल्या खणांत असे आणि कोणता खण कोठें आहे हें जुळाऱ्याच्या बोटांना ठाऊक असे. केस जमिनीवर पालथी झाली म्हणजे एकहि खिळा नाहींसा होत नसे. सगळे तेथेंच, डोळ्यांसमोर पडलेले असत. परंतु त्यांतून एक ओळ जुळविणें अशक्य होऊन बसे. ज्या नगर शहरांत १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्राचा जन्म झाला, त्या शहराला हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. खिळे ही एक वस्तु आणि खिळ्यांची मांडणी ही दुसरी वस्तु. पहिली शाबूत राहून दुसरी नष्ट होऊं शकते.

आज हीच गोष्ट घरोघरींच्या संगणकांत घडत आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्यामुळें हजारों घरांतून जुनी प्रणाली काढून नवी बसविण्याचें काम निघालें आहे. कोणी विंडोज ११ घेतो. ज्याचें यंत्र त्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीं तो लिनक्सकडे वळतो. आणि ज्याचें यंत्र केवळ मंदावलें आहे तो तीच प्रणाली पुन्हां कोरी करून घालतो. दुकानांतून या कामाला ‘फॉरमॅट मारणें’ असें म्हणतात. मारणें हें क्रियापद येथें अगदीं यथार्थ आहे, असें पुढील हकीकतीवरून कोणासहि वाटेल.

सावेडीसारख्या वस्तींतलें एखादें सुशिक्षित घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतले आजोबा कचेरींतून निवृत्त झाले आणि पुढें सातआठ वर्षें खपून त्यांनीं संगणकावर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. कोणती शाखा पारनेराहून आली, कोणती नेवाश्यास राहिली, दुष्काळांत कोण मुंबईस गिरणींत गेलें आणि परत आलेंच नाहीं, हें सर्व त्यांनीं वृद्ध आप्तांना विचारून विचारून जमविलें. आतां आजोबा नाहींत आणि ते आप्तहि नाहींत. यंत्र मंदावलें तेव्हां मुलानें तें दुरुस्तीस दिलें. कारागीर प्रामाणिक होता, त्यानें विचारलें, “डेटा काढून घेतला ना?” मुलानें तो खरोखरच काढून घेतला होता. पडद्यावरच्या सर्व फायली, ‘डॉक्युमेंट्स’चा सबंध कप्पा, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, सर्व कांहीं एका पेनड्राइव्हवर उतरलें होतें. यंत्र नवें होऊन आलें. चारपांच दिवसांनीं सुनेनें कुलवृत्तांताची फाईल उघडली. फाईल जागेवर होती. परंतु जेथें आजोबांच्या पणजोबांचें नांव असावयाचें तेथें रोमन अक्षरें, कंस आणि डॉलरचीं चिन्हें यांची एक लांबलचक रांग उभी होती. सगळीं पानें तशींच. एक अक्षर हरवलें नव्हतें. केस मात्र पालथी झाली होती.

हें असें कां व्हावें? आरंभींच्या काळांत संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें, आणि तिच्या मागोमाग ‘श्री-लिपी’सारखीं साधनें काढणाऱ्या खासगी कंपन्यांनीं, मराठी लिहिण्याच्या सोयी केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा सोयी एका युक्तीवर उभ्या होत्या. रोमन अक्षरांना संगणकांत जे क्रमांक ठरलेले होते, त्याच क्रमांकांवर मराठी आकृति बसवावयाच्या. फाईलींत साठविला जाई तो रोमन अक्षराचाच क्रमांक. त्या क्रमांकापुढें पडद्यावर ‘क’चा अर्धा भाग काढावयाचा कीं वेलांटी काढावयाची, हें फाँट ठरवी. म्हणजे मराठी ही फाईलींत नव्हतीच, ती फाँटांत होती. शिवाय प्रत्येक कंपनीची वांटणी निराळी. एकीच्या फाँटांत ज्या क्रमांकावर ‘म’ तेथेंच दुसरीच्या फाँटांत उकार! प्रणाली पुसली तेव्हां फाँट पुसला गेला आणि उरले ते नुसते क्रमांक. 

पुढें युनिकोड आलें. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्वतःचीं १२८ घरें मिळालीं. तेथें ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ असून तो जगांतल्या दुसऱ्या कोणत्याहि अक्षराचा नाहीं. विंडोज २००० या प्रणालीबरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखलेला ‘मंगल’ हा फाँटहि आला. तेव्हांपासून युनिकोडांत लिहिलेली फाईल कोठेंहि उघडली तरी मराठीच राहते. परंतु जुन्या पद्धतीचीं साधनें छापखान्यांतून आणि घरांतून त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चाललीं, कित्येक ठिकाणीं अद्यापि चालतात. म्हणून १९९५ ते २०१० या सुमारास ज्या घरांत मराठी लेखन संगणकावर झालें असेल, त्या घरानें यंत्र कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं तें एकेक फाईल उघडून पाहिलें पाहिजे.

पाहण्याची रीति सोपी आहे. मजकुराच्या एका ओळीवर टिचकी मारावी आणि वरच्या पट्टींत फाँटाचें नांव वाचावें. तें नांव वहींत लिहून घ्यावें, आणि त्या नांवाची फाईल यंत्रांतून उतरवून लेखनाच्याच कप्प्यांत ठेवावी. फाँट बहुधा ‘विंडोज’ कप्प्यांतील ‘फाँट्स’ या पोटकप्प्यांत असतात. परंतु विंडोज १०च्या अलीकडील आवृत्तींपासून एकट्या वापरणाऱ्यासाठीं बसविलेले फाँट त्याच्या खासगी आणि झांकलेल्या कप्प्यांत जातात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वर सांगितलेल्या घरीं सुदैव एवढेंच कीं आजोबांनीं वर्डमध्यें लिहिलें होतें. फाँट नाहींसा झाला तरी वर्ड त्याचें नांव विसरत नाहीं. पट्टींत तें तसेंच दिसत राहतें. नांव कळलें म्हणजे शोध करतां येतो. नुसत्या साध्या मजकुराच्या फाईलींत, जिला नोटपॅडची फाईल म्हणतात तींत, तें नांवहि नसतें. मग कोणता फाँट होता हें सांगावयास लिहिणाराच हवा.

फाँटाचा विस्तार एवढा केला याचें कारण, मराठी घराचें खरें नुकसान येथेंच होतें. परंतु मांडणी म्हणजे केवळ फाँट नव्हे. जुना वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे माणसें भांडीं, पेट्या, देव्हारा हलवितात; कोनाड्यांत काय होतें हें भिंत पडल्यावर आठवतें. संगणकालाहि असे कोनाडे असतात. विंडोजमध्यें प्रत्येक वापरणाऱ्याच्या नांवाच्या कप्प्यांत ‘ॲपडेटा’ नांवाचा एक पोटकप्पा असतो. तो मुद्दाम दृष्टीआड ठेवलेला असतो, कारण अजाण हातानें त्यांत ढवळाढवळ केली तर कार्यक्रम बिघडतात. फाईलींच्या खिडकींत ‘व्ह्यू’ या सदराखालीं लपलेल्या वस्तु दाखविण्याची आज्ञा दिली म्हणजे तो दिसूं लागतो. वर्षानुवर्षें लावलेल्या संवयी येथें सांचलेल्या असतात. लिनक्समध्यें हेच कोनाडे वापरणाऱ्याच्या ‘होम’ कप्प्यांत असतात आणि त्यांच्या नांवाचा आरंभ एका टिंबानें होतो. टिंब असलें कीं वस्तु अदृश्य.

वर्डचाच दाखला घ्यावा. लेखकानें “हा शब्द बरोबर आहे, लाल रेघ मारूं नको” असें म्हणून जे जे शब्द कोशांत घातले असतील, ते ‘कस्टम’ नांवाच्या एका लहानशा फाईलींत असतात. गांवांचीं नांवें, आडनांवें, शेतीचे शब्द, अशी ही यादी कोणत्याहि कंपनीच्या कोशांत मिळावयाची नाहीं. दोन अक्षरें लिहितांच सबंध पत्ता उमटावा अशी जी सोय कित्येकांनीं करून घेतलेली असते, ती ‘एसीएल’ शेपटाच्या फाईलींत. पत्राचा शिरोभाग, समास, नेहमींचा फाँट हें सर्व ‘नॉर्मल’ नांवाच्या सांच्यांत. तिन्ही मिळून आकारानें एखाद्या छायाचित्राएवढींहि बहुधा भरत नाहींत. आणि पेनड्राइव्हवर छायाचित्रें हजार जातात, हीं तीन मात्र मागें राहतात.

येथें तारखेचाहि प्रश्न येतो. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. ज्यानें त्यानंतर आपल्या पत्रांचे सांचे, शिक्क्यांचे मसुदे, पत्त्यांच्या याद्या एकेक करून सुधारल्या, त्याच्या हातीं नवी प्रणाली घातल्यावर २०२२ सालचा बॅकअप आला तर सारें पत्रलेखन पुन्हां जुन्या नांवावर जाईल आणि पहिलें पत्र टपालांत पडेपर्यंत कोणाच्या लक्षांतहि यावयाचें नाहीं. कपाटांत बॅकअप आहे एवढ्यावर विसंबूं नये. तो कोणत्या दिवसाचा आहे हें वर लिहिलेलें असावें, आणि पुसण्याच्या आदल्या दिवशीं तो नवा करावा.

कळफलकाची गोष्ट बोटांची आहे. ज्यांनीं टंकलेखन यंत्रावर मराठी शिकलें त्यांचीं बोटें टंकलेखनाच्या मांडणीवर चालतात. ज्यांनीं सरकारमान्य इनस्क्रिप्ट शिकलें त्यांचीं निराळीं. आणि नातवंडें रोमन अक्षरें दाबून उच्चारावरून मराठी उमटवितात. कोरी विंडोज इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कळफलक देते, पण ते मागून घ्यावे लागतात. टंकलेखनाची मांडणी तिजपाशीं नसते. ती ज्या साधनानें मिळत होती त्याचें नांव, आवृत्ति आणि बसविण्याची मूळ फाईल जपून ठेवावी. साधन पुन्हां उतरवून घेऊं असा भरंवसा धरूं नये. गूगलनें विंडोजसाठीं काढलेलें ‘इनपुट टूल्स’ एके काळीं घरोघर होतें. पुढें कंपनीनें तें देणेंच थांबविलें. ज्यांनीं मूळ फाईल ठेविली होती त्यांचें काम चाललें, बाकीच्यांना नवी संवय करावी लागली. सत्तरीच्या बोटांना नवी संवय लावणें किती अवघड, हें ज्याचें त्यालाच ठाऊक.

आंतरजाल पाहण्याच्या साधनांतील खुणा आणि परवलीचे शब्द यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. क्रोम, फायरफॉक्स, एज या तिन्हींत खुणांची यादी एका फाईलींत उतरवून घेण्याची सोय आहे. परवलीचे शब्दहि उतरवितां येतात. मात्र ती फाईल उघड्या वाचनीय मजकुराची असते, तेव्हां काम झाल्यावर ती पुसून टाकावी, आणि कारागिराकडे जाणाऱ्या पेनड्राइव्हवर तर ती मुळींच असूं नये. 

एका गोष्टीची मात्र विशेष धास्ती बाळगावी. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत तबकडीवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. या सोयीला बिटलॉकर म्हणतात. तिची किल्ली ४८ अंकांची असते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत जमा असते. पण तें खातें घरांतल्या कोणाच्या नांवावर आहे, त्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक आहे, हें यंत्र चालू असतांनाच पाहून ४८ अंक कागदावर उतरून घ्यावे. प्रणालीच्या फेरफारांत यंत्रानें ती किल्ली मागितली आणि ती कोणापाशींच नसली, तर जगांतला कोणताहि कारागीर आंतला मजकूर परत काढूं शकत नाहीं. कुलूप घरमालकानें लावलेलें नसतें आणि पुष्कळदां तें लागलें आहे हेंहि त्याला माहीत नसतें, ही यांतली विचित्र गोष्ट होय.

घरांतल्या यंत्रावर दुकानाचा हिशोब ठेवणारीं कुटुंबें या जिल्ह्यांत थोडीं नाहींत. त्यांनीं हिशोबाचा कप्पा उतरून घेतला तरी परवान्याकडे दुर्लक्ष होतें. टॅलीसारख्या कार्यक्रमाचा परवाना यंत्राशीं बांधलेला असतो. पुसण्यापूर्वीं तो कार्यक्रमांतूनच परत करावा लागतो, म्हणजे नव्या प्रणालीवर तो विनातक्रार घेतां येतो. न करतां पुसलें तर यंत्र मेलें आणि परवाना त्याच्याशीं बांधलेला राहिला, असा प्रकार होतो. मग कंपनीशीं पत्रव्यवहार, दूरध्वनि, आणि ऐन महिनाअखेरीस खोळंबा. अक्षरजुळणीच्या कांहीं साधनांना किल्लीप्रमाणें एक लहानशी कांडी यंत्राला खोंचावी लागते. ती यंत्राबरोबर दुरुस्तीस जाऊन तिकडेच राहूं नये. छापयंत्र, स्क्यानर, सहीची डिजिटल किल्ली यांच्या मांडणीच्या खिडक्या एकेक उघडून दूरध्वनीनें त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. ही युक्ति अगदीं साधी असून कोणत्याहि कार्यक्रमापेक्षां भरंवशाची आहे.

इतकें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग सगळेंच उचलून ठेवावें आणि सगळेंच परत घालावें. उचलून सगळें ठेवावें हें ठीक. परत मात्र सगळें घालूं नये. प्रणाली पुसण्याची पाळी ज्या बिघाडामुळें आली, तो बिघाड कित्येकदां त्या संवयींच्या ढिगांतच दडलेला असतो. विंडोजची ‘रजिस्ट्री’ म्हणून जी मोठी नोंदवही आहे ती जशीच्या तशी नव्या प्रणालीवर ओतावयास सांगणारे उत्साही सल्लागार भेटतात. त्यांचें ऐकूं नये. नव्या घराला जुन्या घराची वाळवी आणून लावण्यासारखें तें होय. एखाद्याच कार्यक्रमाची नोंद हवी असेल तर तेवढी शाखा वेगळी उतरवितां येते. फाँट, कोश, सांचे, खुणा हें हातानें एकेक परत घालावें. त्यांत एक दुपार जाते, ती जाऊं द्यावी.

आणि प्रत केली म्हणजे काम संपलें असें नाहीं. नेवाश्यास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या, आणि जवळ जवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, पैठणच्या एकनाथांना त्या प्रती ताडून पाठ शुद्ध करावा लागला. प्रती थोड्या होत्या म्हणून नव्हे, त्यांत पाठ बिघडला होता म्हणून. पेनड्राइव्हवर उतरलेल्या फाईलींची संख्या जुळली म्हणजे झालें असें समजणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेजाऱ्याच्या किंवा नातलगाच्या संगणकावर, जेथें आपले फाँट नाहींत अशा ठिकाणीं, तो पेनड्राइव्ह लावून पाहावा. घरच्या यंत्रावर फाईल उघडते, त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं; तेथें फाँट आहेच. परक्या यंत्रावर ओळी वांकड्या दिसल्या तर कोणती वस्तु मागें राहिली तें पुसण्यापूर्वींच कळतें, आणि पुन्हां जाऊन ती आणतां येते.

कुलवृत्तांताच्या घरीं ही परीक्षा झाली नव्हती. तरी फाँटाचें नांव मिळालें होतें, म्हणून मुलानें शोध चालविला. तबकडी कोरी करून घेतली होती. जुनी प्रणाली न पुसतां तिच्यावर नवी घातली असती तर जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ या कप्प्यांत कांहीं दिवस तशीच पडून राहिली असती आणि फाँट तेथें सांपडला असता. पण तो मार्ग बंद झाला होता. शेवटीं आजोबांच्या कपाटांत, पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, त्या साधनाची मूळ सीडी मिळाली. तिच्या वेष्टनावर आजोबांच्या हस्ताक्षरांत क्रमांक लिहिलेला होता. फाँट बसला आणि पणजोबा आपल्या जागीं परत आले.

सुनेनें मग तें लेखन युनिकोडांत नेण्याचें मनावर घेतलें. असें रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. ते बहुतेक अक्षरें बरोबर नेतात, परंतु जोडाक्षरें, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ येथें हमखास ठेंच खातात. एका ठिकाणीं ‘सूर्याजी’चा रफार पुढच्या अक्षरावर गेला होता, दुसऱ्या ठिकाणीं एका आजीचें माहेरच बदललें होतें. जुन्या फाँटांतला मजकूर एका बाजूस आणि नवा दुसऱ्या बाजूस उघडून रोज दहा पानें ताडावीं लागलीं. जुना फाँट चालू असतांनाच हें होऊं शकतें; तो गेल्यावर ताडावयाचें कशाशीं?

नवें यंत्र सुरळीत चालूं लागलें तरी काढून ठेवलेला साठा लगेच पुसूं नये. रोज लागणाऱ्या वस्तूंची उणीव पहिल्या आठवड्यांतच कळते. वर्षांतून एकदां लागणाऱ्या गोष्टी असतात त्या तेव्हां आठवतात जेव्हां त्यांची वेळ येते: ३१ मार्चचा ताळेबंद, प्राप्तिकराचें विवरण, गणपतीच्या वर्गणीची यादी, दिवाळीच्या पत्रांचे पत्ते. एक वर्षाचें चक्र पुरें होईपर्यंत तो पेनड्राइव्ह, वर तारीख लिहून, कपाटांत असूं द्यावा. आणि त्याची दुसरी प्रत मुलीच्या सासरीं किंवा भावाच्या घरीं, म्हणजे दुसऱ्या छपराखालीं, पोंचवावी.